एका गठ्ठ्यातले महाल

शहाजी जगदाळे यांच्याविषयी मला फार कमी ठाऊक आहे. कोपरखैरण्याच्या आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर आणि मी तळाला, असे अठरा वर्षे राहिलो. पण सातारा जिल्ह्यात त्यांचे गाव नेमके कुठले, हेही मी कधी विचारले नाही.

एपीएमसी मार्केटात ते कांद्याची पोती वाहत. पाठ गेल्यावर स्टेशनबाहेर चित्रे विकू लागले. बहुतेक महालांची. पांढरे घुमट, पुढे कारंजे, तळ्यात हंसांची जोडी. घाऊक गठ्ठा येई, शंभरच्या शंभर एकसारखी. चित्रात माणूस मात्र एकही नसे. असा महाल कुठे असेल, असे मी एकदा विचारले तेव्हा ते हसले.

“कुठंच नसंल, अण्णा. पर दोन खोल्यांतला मानूस ह्योच घेतो. बंगलेवाला थांबला, तर झोपडीचं चित्र मागतो.”

गेल्या पावसाळ्यानंतर इमारतीच्या एका भिंतीला तडा गेला, तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत. सोसायटीने तपासणीसाठी इंजिनिअर बोलावला. इमारत धोकादायक ठरली तर सगळ्यांना बाहेर पडावे लागणार होते. शहाजींची बायको शकुबाई अर्धांगवायूने चार वर्षे अंथरुणाला खिळलेली. ते जवळच बोनकोड्यात भाड्याच्या दोन खोल्या पाहून आले. घरात आजारी माणूस आहे म्हटल्यावर दोन्ही मालकांनी नकार दिला. गावचे घर भावांच्या वाटणीत गेलेले.

तपासणीच्या आदल्या दिवशी ते गुंडाळी घेऊन माझ्या दारात आले. तड्यावर महाल लावू म्हणाले. तडा गेलेल्या चारही मजल्यांवरच्या घरांत त्यांनी स्वतःच चिकटवून दिले, आणि पैशाचे नाव काढू दिले नाही. भिंत कोसळली तर काय, असे माझ्या मनात आले. पण मलाही दुसरी जागा नव्हती. चारही चित्रे अगदी सारखी आहेत, हे निदान मला तरी सुचायला हवे होते.

इंजिनिअर तरुण होता. गच्चीपासून पाहत खाली आला. वरच्या तिन्ही घरांत काही बोलला नाही. माझ्या भिंतीपुढे मात्र थांबला.

“काय काका, एकाच राजाचे चार महाल?”

त्याने नखाने कोपरा उचलला आणि कागद ओढून काढला. मग तसाच पुन्हा वर गेला, एकेक महाल काढत. मीही मागोमाग गेलो. शहाजींच्या घरात त्याने तड्यात पेन घातले, ते निम्मे आत गेले. साहेब, हिला हलवता येत नाही, एवढं तरी लिहा, असे शहाजी पुन्हा पुन्हा म्हणत होते. तो माणूस वाईट नव्हता. फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, तसलं लिहायला यात जागाच नाही.

पंधरा दिवसांची नोटीस आली. शकुबाईंना खुर्चीला बांधून चौघांनी जिन्यावरून उतरवले. नात्यातल्या कुणाच्या तरी गोठ्याशेजारची खोली मिळाली होती, तीही पुढच्या पावसाळ्यापर्यंतच. त्या दिवसानंतर त्यांची माझी भेट नाही. चूक माझीही होती, एवढे त्यांना सांगायचे मी ठरवले होते. पण टेम्पो सुरू झाला, आणि त्यांनीच मला जवळ बोलावले.

“अण्णा, दूधवाल्याला सांगा, उद्यापासनं माझी पिशवी नको.”

“सांगतो,” मी म्हणालो.