चिकटलेली रंध्रं

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मावशी म्हणत. एकवीस वर्षं त्यांचं काम एकच: पानाच्या पाठीवर नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, वाळला की चिकटपट्टीने उचलून काचेवर लावायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली रंध्रं मोजायची. रंध्रं म्हणजे पानाची श्वास घ्यायची इवलीशी तोंडं. "स्वतःच्या नखांना कधी लावलं नाही, पानांना मात्र बाटल्याच्या बाटल्या," असं त्या हसत सांगत.

रंध्रांचा नियम त्यांना पाठ होता. जी पेशी रंध्र व्हायला निघते, ती शेजारच्या पेशींना निरोप धाडते, तुम्ही होऊ नका. म्हणून दोन रंध्रं एकमेकांना चिकटत नाहीत. मध्ये एक तरी साधी पेशी असतेच.

एका सकाळी एका रोपाच्या पानावर त्यांना रंध्रं चिकटलेली दिसली, तीन-तीन, चार-चार. त्यांनी तसं लिहून दिलं. संशोधक बाईंनी वहीतून मान वर केली नाही.

"मावशी, एकाची दोन दिसायला लागली का? डोळे दाखवून या एकदा."

मावशींना ते लागलं. गेले काही महिने सरळ ओळी वाकड्या दिसत होत्या, पण घरात त्या बोलल्या नव्हत्या. नवऱ्याला घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत होता. गेलेलं परत येणार नव्हतं.

"एवढी वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलंस," बाहेर आल्यावर नवरा हळूच म्हणाला. "पण ते मोजणं चुकलंच असेल मग."

"नाही. डोळे चाललेत, पण ते बरोबर मोजलंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंचा हात धरून त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. बाई बराच वेळ बघत राहिल्या. निरोप धाडणारं जनुकच त्या रोपात बिघडलेलं असावं. असं रोप बाई चार वर्षं शोधत होत्या.

"माझं चुकलं, मावशी. रोपांची ही सगळी रांग आता तुम्हीच मोजा."

मावशींनी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. "आता नाही हो जमायचं."

वर्षाने बाई छापून आलेला शोधनिबंध घेऊन मावशींच्या घरी आल्या. त्यात चिकटलेल्या रंध्रांचं पानभर छायाचित्र होतं. मावशींनी ते खिडकीपाशी नेलं, मान तिरकी करून कडेच्या नजरेने पाहिलं. नजरेच्या मध्ये नुसता करडा डाग होता.

"छान आलंय," त्या म्हणाल्या, आणि भिंतीला हात लावत चहा टाकायला आत गेल्या.