सापासरड्यांचे फोटो आणि आम्ही तिघं

माणसांचे फोटो काढणाऱ्याकडे अल्बम साठतात. सापासरड्यांचे फोटो काढणाऱ्याकडे किस्से! फोटो हलतात, पिवळे पडतात. किस्सा मात्र दर वेळी फोकसमध्ये!

सत्तरच्या दशकात आमचं असं एक त्रिकूट होतं. मी साताऱ्यात शाळेत चित्रकला शिकवायचो. अण्णा तासगावचे द्राक्षबागाईतदार, जैन. पायाखाली मुंगी आली तरी हळहळणारे. तिसरे कडेगावचे हवालदार, फौजेतून रिटायर झालेले. तिघांत मिळून कॅमेरा एकच. त्यात रोल भरायचे अण्णा.

०

माणच्या माळावर एक सरडा असतो. मादीला भुलवायला तो दगडावर चढतो आणि गळ्याचा निळाशार पंखा उघडतो. त्याच्यासाठी मी भर दुपारी पोटावर सरपटत गेलो. निपचित पडून राहिलो. शेवटी पंखा उघडला. बटणावर बोट ठेवलं...

...आणि पाठीवर बदाबदा पाणी!

वर बघतो तर एक मेंढपाळ घागर घेऊन उभा. मागं वळून जोडीदाराला ओरडला, "हाललं! ऊन लागलंय गड्याला!"

मी कळवळून म्हणालो, "आवं, सरडा गेला माझा!"

"बरळतंय अजून. आन रं दुसरी घागर!"

दुष्काळी मुलूख, प्यायच्या पाण्याची मारामार. आणि त्या भल्या माणसांनी दोन्ही घागरी माझ्यावर रित्या केल्या!

०

अण्णांच्या बागेत द्राक्षांच्या मांडवाखाली लांबलचक धामण निघाली. अण्णांनी कुणाला काठी उचलू दिली नाही. मी कॅमेरा लावला, तर कामावरच्या बायका पदर सावरून मागं ओळीनं उभ्या! "आमीबी येतो की फोटूत!"

काढला. फोटो धुऊन आला तेव्हा कुणी डोळे मिटलेले, कुणी तोंड फिरवलेलं, एकीचा तर नुसता पळणारा पाय. कॅमेऱ्याकडं बघत होती ती फक्त धामण.

अण्णा म्हणाले, "सगळ्यात शिस्तीची हीच!"

०

हवालदार दोन लढायांत लढलेले. पण कोयनेच्या बाजूनं एसटीतून परत येताना कॅमेऱ्याच्या पिशवीतून एक बेडूक निघाला आणि टुणकन त्यांच्या मांडीवर बसला. हवालदार थेट सीटवर उभे!

"अहो, तुम्ही फौजी ना?" मी म्हणालो.

"शत्रू निदान वर्दी घालून येतो हो!"

सगळी गाडी हसली. कंडक्टरनं मात्र शांतपणे पुढच्या ओढ्यावर बेल मारली आणि आवाज दिला, "ओढा आला! बेडूकराव, उतरून घ्या!"

०

कडेगावला उसाच्या बांधावर डुरक्या घोणस निघाला. बिनविषारी, सुस्त, गरीब प्राणी. पण अंगावरची नक्षी जहरी घोणशीसारखी, म्हणून हकनाक मरतो. आम्ही पोचलो तेव्हा हवालदारांचे चुलते तात्या काठी उगारून उभे होते.

"तात्या, याला विष नसतं," मी म्हणालो.

"तुमाला काय जातंय म्हणायला! ह्याच बांधावनं माझ्या सुना भाकरी घिऊन येत्यात."

तेवढ्यात अण्णांनी माझ्या हातातून कॅमेरा घेतला. "मारायचाच हाय तर मारा तात्या. पर आधी एक फोटू काढू द्या."

"काढा बिगीनं."

अण्णा बसले. क्लिक. "तात्या, काठीची सावली पडतीया." तात्यांनी काठी खाली घेतली. क्लिक. "आता तुमची पडतीया." तात्या बाजूला सरले. "उजेड लय कमी हाय." तात्यांनी घरनं पितळेची परात आणवली आणि उकिडवे बसून स्वतःच सापावर ऊन पाडू लागले.

सापानं डोकं उचललं, जीभ लवलवली.

"आवं, जीब बघा की! घ्या, घ्या!" तात्या कुजबुजले.

एवढ्यात शेजारचा गडी धोंडा घेऊन धावत आला. तात्या कडाडले, "टाक त्यो खाली! फोटू चाललाय आमचा!"

साप सावकाश बांधाच्या बिळात शिरला. तात्या गुडघे धरत उठले. "समदं आलं न्हवं?"

"झकास!" अण्णा म्हणाले.

परतीच्या एसटीत मी हात पुढं केला. "अण्णा, रोल द्या. उद्या धुवायला टाकतो."

अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कुठला रोल?"