पहिलं नाव अप्पांचं

माझ्या संशोधनाचा जगात जो काही उल्लेख झाला, तो माझ्या वडिलांच्या नावावर झाला. अप्पा कालव्यांच्या कचेरीतून निवृत्त झालेले कारकून होते आणि तो लेख त्यांनी वाचलेला नव्हता.

उदारीकरणाने तंजावुरात रंगीत टीव्ही आणले, एसटीडीचे बूथ आणले आणि इंजिनिअरिंग कॉलेजं आणली. त्यांतल्या एकात मी गणित शिकवत होतो. कावेरीच्या कुठल्या कालव्याचं दार कधी उघडलं तर शेवटच्या गावापर्यंत पाणी पोचेल, हे उत्क्रांतीच्या पद्धतीने शोधायचं मी डोक्यात घेतलं. पद्धत सोपी आहे. सुरुवातीला डोळे मिटून काही उत्तरं घ्यायची, बरी ठेवायची, वाईट टाकायची, उरलेल्यांची सरमिसळ करून पुन्हा तेच करायचं. अप्पांना हे समजावलं तेव्हा ते आमच्या तंजावुरी मराठीत म्हणाले, "मग आमच्या घरांत कोणी चांगलें कां उरलें नाहीं रे?"

अडचण पहिल्याच पायरीला आली. कॉलेजचा संगणक डोळे मिटायला तयार नव्हता. दरवेळी तो तेच आकडे त्याच क्रमाने देई. याला अगदी साधा उपाय होता, दरवेळी सुरुवातीला घड्याळातली वेळ द्यायची; तो मला पुढे कळला. तोवर अप्पांनी देव्हाऱ्याखालच्या डब्यातून कवड्या काढल्या होत्या. ओसरीवर बसून ते दान टाकत, "उताणी, पालथी, पालथी" असं मोठ्याने सांगत, आणि मी उताणीला एक, पालथीला शून्य असं लिहून घेई. गल्लीतल्या लोकांना वाटलं, मी ज्योतिष शिकतोय. काहींनी मुलींच्या पत्रिकाही आणल्या.

लेख तयार झाल्यावर नावं घालायची वेळ आली. आमच्यात लग्नपत्रिकेवर घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव आधी छापतात. नवरामुलगा खाली कुठेतरी असतो. मी तसंच केलं. यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

काही वर्षांनी प्रोफेसरच्या खालच्या, रीडरच्या जागेसाठी अर्ज केला. आपलं काम इतर संशोधकांनी उद्धृत केल्याचा पुरावा हवा होता. त्यासाठी मद्रासच्या एका ग्रंथालयात जाऊन उशीएवढे जाड सूचीग्रंथ चाळावे लागत, आणि त्यांत लेख फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली सापडे. माझ्या नावाखाली काहीच नव्हतं. अप्पांच्या नावाखाली जपान होता, जर्मनी होती, ब्राझील होता. मला आनंद झाला आणि जागेची काळजीही लागली. परतीच्या बसमध्ये दोन्ही बरोबर होते.

कॉलेजने तोडगा सुचवला: काम मुलाचंच आहे आणि आपण काहीच केलं नाही, असं पहिल्या लेखकाने लिहून द्यावं. हे अप्पांना सांगायला मला धीर होईना. जपानची बातमी ऐकल्यापासून ते रोज इस्त्रीचा सदरा घालून ओसरीवर बसत होते.

शेवटी सांगितलं.

"मी न टाकलों म्हणून कसें लिहूं? टाकलों की."

"अप्पा, नुसती रीत आहे. नाहीतर जागा जाईल."

"सगळ्या नोकरींत खोटा दाखला दिलों नाहीं. अतां तुज देऊं?"

जागा गेलीच, असं मी धरून चाललो. मुलाखतीच्या सकाळी त्यांनी एक कागद हातात ठेवला. कचेरीच्या इंग्रजीत लिहिलं होतं: दानं मी टाकली. त्यांतली कुठली ठेवायची आणि कुठली सोडायची, हे मुलाने ठरवलं. सही, आणि खाली 'निवृत्त'.

समितीच्या अध्यक्षांनी कागद दोनदा वाचला. "ही कवड्यांची गोष्ट लेखात का नाही?"

"आहे. 'बाह्य यादृच्छिक स्रोत' असं लिहिलंय."

"त्या स्रोताची प्रकृती कशी आहे?"

"बरी आहे. गुडघे दुखतात."

जागा मिळाली. घरी आलो तेव्हा अप्पा दारातच उभे होते. जागेचं त्यांनी विचारलं नाही.

"माझें नांव काढ म्हणाले कां?"

"नाही."

"सरी, बरें," म्हणाले, आणि आत जाऊन कवड्यांचा डबा घेऊन आले. "पुढचा लेख केव्हां?"

तोवर कॉलेजात नवा संगणक आला होता आणि तो साधा उपायही मला कळला होता. मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो. "उताणी," ते म्हणाले, मी एक लिहिला. प्रोफेसर व्हायचं तर पुन्हा हेच सूचीग्रंथ आडवे येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. लेख पुरा झाल्यावर मी पहिलं नाव अप्पांचंच घातलं.