अडतीची बोली आणि बाची बंडी

मी निघालो त्या सकाळी बैलबंडीत कापूस इतका होता की मला बसायला जागाच नव्हती. तुला आठवत असेल, गोदे. माझ्या कमरेएवढी होतीस आणि नाल्यापर्यंत बंडीमागे पळत आली होतीस. आईने भाकरी बांधून दिल्या. बा बैलांच्या दाव्यांशी उगाच खुडबुड करत राहिला आणि एवढंच म्हणाला, "दोन सुग्या काढून पाय. नाई जमलं तं ये परत." त्या वर्षी समुद्रापार कुठेतरी लढाई लागली होती आणि आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. पातूरकडची कितीतरी पोरं अशीच बोजांवर बसून गेली.

अमरावतीत मी एका अडत्याकडे लागलो. शेतकऱ्याचा माल मुंबईच्या व्यापाऱ्याला विकून देणारा हा माणूस. तिथे मला आधी भाषाच शिकावी लागली. बंडीवाल्यांना कळू नये म्हणून जुन्या दलालांनी मुद्दाम घडवलेली एक बोली होती. तिच्यात 'मी' नाही, 'तू' नाही, 'माझं' तर नाहीच नाही. बाजारातले आम्ही सगळे 'आखे', आणि माल घेऊन आलेला कोणीही असो, तो 'बुखा'. म्हातारा असो, ओळखीचा असो, बुखाच. महिन्याभरात मी ती फाडफाड बोलायला लागलो. अडत्या पाठ थोपटायचा आणि मी फुशारून जायचो. खोटं कशाला बोलू, इथे तेवढंच कौतुक वाट्याला येत होतं. खोलीत भाकरी थापताना मी ती बोली स्वतःशीच बोलायचो, कारण बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

त्या बोलीची एक रीत होती. बंडी थांबली की पहिलं वाक्य ठरलेलं: बुख्याचा माल ओला आहे. बोजात हात घालायच्या आधीच ते म्हणायचं. मग व्यापारी नाक मुरडणार आणि सौदा पाडलेल्या भावानेच सुरू होणार. प्रत्येक बंडीला तेच, आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे.

तिसऱ्या सुगीला बा आला. अकोल्याचा बाजार वाटेतच सोडून, चार दिवस बंडी हाकत आला. का, तर अमरावतीत आपला पोरगा आहे म्हणून. तो कापूस तू आणि आईने अंगणात वाळवलेला होता. बा खाली उतरला आणि माझ्याकडे पाहून हसला. शेजारी व्यापारी उभा होता, आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. सवयीने, गोदे. खरंच सवयीने.

बाला शब्द कळला नाही. पण व्यापाऱ्याने नाक मुरडलं तेव्हा तो माझ्या हातांकडे पाहत होता. "बोजात हात तं घातलाच नाई तू," तो म्हणाला.

मी घाईघाईने कोपरापर्यंत हात खुपसला. आत कापूस कोरडाठाक होता, थोडा उबदारसुद्धा.

"बा, इथं असंच बोलून राहिले सारे," मी म्हणालो. त्याने बैलांना पाणी पाजलं आणि बंडी वळवली. माल त्याने परतीच्या वाटेवर अकोल्यात विकला, हे मला नंतर लोकांकडून कळलं.

पुढच्या पोळ्याला मी घरी आलो. तू तेव्हा सासरी होतीस, म्हणून तुला हे कोणी सांगितलं नसेल. बा ओसरीवर बसला होता. मला पाहून उठला, घोंगडी झटकून अंथरली. "या, बसा," म्हणाला. आणि आत वळून आईला, "अवं, त्यायले पानी दे."

ज्याने मला कधी 'काय बे'शिवाय हाक मारली नाही, तो मला 'तुमी' म्हणत होता. रागाने नाही, अगदी मानाने. मी दोन दिवस राहिलो आणि दोन्ही दिवस माझं ताट आधी वाढलं गेलं. आई पदराने डोळे टिपत होती.

आता मी स्वतःच अडत्या आहे. बाजार मला शेठ म्हणतो, घरात बायको अहो म्हणते. गावाकडची पोरं कधी भेटली की कोणी विहिरीची आठवण काढतं, कोणी बांधावरच्या बोरीची. माझ्यासाठी घर म्हणजे एवढंच उरलंय की बाने मला दारात पाहून खेकसावं, "कावून आला बे तू?"

माहेरी गेलीस की हे पत्र बाला कोणाकडून वाचून दाखवू नकोस. माझा विषय निघाला तर फक्त ऐक. तो मला 'तो' म्हणतो की 'ते', तेवढं कळव.