दाजींच्या टेबलापुढची रांग

टेबलामागे उभं राहून समोर आलेलं गिऱ्हाईक हसतमुखाने परत पाठवण्यात आमच्या दाजींचा हात धरणारा माणूस कल्याणपासून कर्जतपर्यंत झाला नाही, आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा त्यांच्या बरोबरीच्यांपैकी कुणी रिक्षा घेतली, कुणी गावाची वाट धरली. दाजींनी उल्हासनगरात कॅम्प नंबर चारला एक चिंचोळा गाळा भाड्याने घेतला आणि नारळ खवायचं यंत्र तयार केलं. आता आमची सगळी मंडळी देशावरची. आमच्याकडे नारळ फोडायचा तो देवापुढे, नाहीतर नव्या सायकलीपुढे. आमटीत पडायचा तो शेंगदाण्याचा कूट. पण दाजींच्या शेजारी मालवणकडच्या एक आजी राहत. गुडघे धरल्यामुळे त्यांना विळीवर बसता येईना आणि ओल्या खोबऱ्याशिवाय घास उतरेना. त्यांच्यासाठी दाजींनी ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायची, उभ्याने हँडल फिरवायची लोखंडी खवणी केली. आजी खूश झाल्या. एक आजी खूश झाली म्हणजे अख्खा ठाणे जिल्हा खूश होणार, असं दाजींनी तिथल्या तिथे धरून टाकलं.

त्या काळी आमच्या भागात प्रदर्शनांचं पेव फुटलं होतं. लग्नसराई संपली की मंगल कार्यालयात आणि सुट्टी लागली की शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडली जात. पापड, मसाले, मॅक्सी, टिकल्या, भांडी घासायची पावडर, आणि या सगळ्यांत कोपऱ्यात एक दाजी. ते सगळ्यांच्या आधी हजर असत, कारण खवणी फिरवायची तर टेबल डगमगता कामा नये. त्यासाठी त्यांच्या खिशात पुठ्ठ्याचे आणि रबराचे तुकडे भरलेले असायचे. आपलं टेबल पक्कं झालं की शेजारच्या मसालेवाल्या बाईंचं, मग लोणचेवाल्याचं, असं करत ते हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचत. गिऱ्हाइकं आत येत तेव्हा दाजींचे फक्त पाय दिसायचे, तेही दुसऱ्याच्या टेबलाखालून. एकदा माईकवरून पुकारा झाला, "खवणीवाले जिथे कुठे असतील त्यांनी आपल्या टेबलाशी यावं, गिऱ्हाईक खोळंबलंय." यावर टेबलाखालून उत्तर आलं, "त्यांना म्हणावं जरा दम धरा, हिथला एक पाय आखूड आहे."

बरं, गाठलंच एखाद्या गिऱ्हाइकाने त्यांना टेबलाशी, तर पुढची पायरी उलटतपासणीची. "वहिनी, तुमच्या ओट्याची कड किती जाड आहे?" आपल्या ओट्याला कड आहे हेच त्या बिचारीला त्या क्षणापर्यंत ठाऊक नसायचं. "मग घरी जाऊन बघून या. घेतली आणि बसलीच नाही तर काय उपयोग?" घरी गेलेली बाई परत येत नसे, हे वेगळं सांगायला नको. अंबरनाथचे एक गृहस्थ मात्र चिकाटीने सुतळीला गाठ मारून ओट्याचं माप घेऊन आले होते. तोवर प्रदर्शन आवरून मांडववाला टेबलं टेम्पोत चढवत होता. कुणी म्हणालं, की आमच्याकडे नारळ सणासुदीलाच लागतो, तर दाजी म्हणत, "मग कशाला पैसे घालवता? त्या पलीकडच्या टेबलावर साधी किसणी आहे, चांगली आहे ती." पलीकडचा किसणीवाला दाजींना देवमाणूस म्हणायचा. ताईचं त्याबद्दलचं मत मी इथे लिहीत नाही.

ताईचीही चूक नव्हती. बदलापूरला नवी बिल्डिंग उठत होती, तिथे वॉचमनची जागा दाजींसाठी कुणीतरी धरून ठेवली होती. ज्या माणसाने उभा जन्म यंत्रांत हात घालून काढला, त्याने दिवसभर फाटकाशी स्टुलावर बसून राहायचं, या कल्पनेनेच दाजी उठून खवणीला तेल घालायला लागत. ताई म्हणाली, "बदलापूरचं प्रदर्शन शेवटचं. तिथं खपली तर ठीक, नाहीतर एक तारखेपासून ड्यूटीवर जायचं." दाजी "बरं" म्हणाले. ते "बरं" ऐकून मीच कामाला लागलो. कॅम्प एकमधले भांड्यांचे एक सिंधी होलसेल व्यापारी माझ्या ओळखीचे होते. मी त्यांना गळ घातली, की शेठ, एकदा येऊन वस्तू तर बघा. आणि दाजींना बजावलं, "शेठ येतील तेव्हा ओट्याचा विषय काढायचा नाही."

नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. प्रदर्शन होतं बदलापूर गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये. पहिल्या दिवशी गावातली एक बाई आली आणि म्हणाली, "दादा, तुमच्या नारलावर कुनाची बी खवनी चालंल. माझ्या नारलावर चालवून दाखवा." दाजींना हे बोलणं फार पटलं. त्यांनी तिचा नारळ फोडून, खवून, तिच्याच डब्यात भरून दिला. दुसऱ्या दिवशी शेठना घेऊन मी हॉलमध्ये शिरलो, तर दाजींच्या टेबलापुढे दारापर्यंत रांग! शेठचे डोळे चमकले. "वाह साईं! क्या भीड़ है! कितने पीस निकले?"

दाजी घाम पुसत म्हणाले, "पीस? पीस तो एक भी नहीं गया."

"तो फिर ये सब लोग?"

"वो नारियल खवने को आये हैं."

मी तेव्हा नीट पाहिलं. प्रत्येकीच्या हातात पिशवी, पिशवीत नारळ आणि रिकामा डबा. आदल्या दिवशीच्या बाईने गावभर सांगितलं होतं आणि गाव नारळीभाताच्या तयारीने आलं होतं. मागून एक आजीबाई ओरडत होती, "ए दादा, हात चालव जरा, आमचा पन येक हाय!" ताई दाजींचा जेवणाचा डबा घेऊन आली होती. ती हे सगळं बघून शाळेच्या बाकावर मटकन बसली.

शेठ हसले नाहीत. त्यांनी खवणी उलटीसुलटी करून पाहिली, हँडल स्वतः फिरवलं आणि म्हणाले, "चीज़ बढ़िया है, भाऊ. झूठ नहीं बोलूँगा. लेकिन वज़न में भारी है, और हर आदमी को पाँच मिनट समझाना पड़ेगा. होलसेल में पाँच मिनट किसके पास है? मैं नहीं ले सकता." दाजींनी मान हलवली आणि पुढच्या बाईचा नारळ हातात घेतला. शेठ जाता जाता थांबले. रांगेकडे बघून म्हणाले, "इनको मशीन नहीं, खोबरा चाहिए. खोबरा बेचो ना! कॅम्प में इतने मिठाईवाले हैं, रोज़ लेंगे."

"खवून द्यायचे पैसे?" दाजी पुरते अवघडले. "ते बरं दिसत नाही."

ताई बाकावरून उठली. पदर खोचून टेबलापुढे उभी राहिली आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आत्तापासून खवायचे पैसे पडतील!" थोडी कुरकुर झाली. रांग मात्र एका बाईनेही सोडली नाही.

ती वॉचमनची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. दाजींनी आपल्या खवणीला मोटर बसवली, ताईने गाळा ताब्यात घेतला आणि कॅम्पातल्या मिठाईवाल्यांकडे खवलेलं खोबरं जाऊ लागलं. घर सावरलं, मुलं शिकली. दाजी दिवसभर यंत्रांत हात घालून बसू लागले. टेबल मात्र त्यांनी पुन्हा कधी मांडलं नाही. सगळे म्हणाले, सुटलो एकदाचे. दाजीही तसंच म्हणत.

पुढे सात-आठ वर्षांनी आम्ही दोघं अंबरनाथच्या बाजारातून चाललो होतो. एका मंगल कार्यालयात प्रदर्शन लागलं होतं, दाजी म्हणाले, जरा डोकावू. आत एका टेबलावर उभ्याने फिरवायच्या खवण्या मांडल्या होत्या. प्लॅस्टिकच्या, रंगीत, खाली कुठल्याही ओट्याला चिकटणारी रबरी वाटी बसवलेल्या. विकणारा पोरगा काही विचारत नव्हता, नुसते पैसे घेत होता आणि खोकी देत होता. बायकांची ही झुंबड! यांना इथून कसं काढावं, असं मला झालं. दाजी मात्र गर्दीत घुसले. त्यांनी एक खवणी उचलली, हँडल फिरवून पाहिलं, कानाशी नेऊन आवाज ऐकला.

"हलकी आहे," मी म्हणालो. "टिकायची नाही."

"ते असू दे रे," दाजी बायकांच्या घोळक्याकडे बघत म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की मला बघवेना. "म्हंजे बायकांना उभ्यानं खवायचं होतं. माझं काही चुकलं नव्हतं."

"नव्हतं चुकलं, दाजी," मी म्हणालो.

त्यांनी ती खवणी विकत घेतली, घासाघीस न करता. घरी पोचेपर्यंत त्यांनी ती पिशवी माझ्या हातात दिली नाही.