तीन नंबरच्या कॉम्प्युटरवरची चिठ्ठी

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच आहात म्हणा, तरी सांगतो, कारण चहा तुम्ही पाजताय.

नव्वदचं दशक संपत आलेलं. जळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी नानांचं एसटीडी बूथ होतं. त्याच्याच मागे नानांनी प्लायवूडच्या चार केबिन ठोकल्या, चार कॉम्प्युटर मांडले आणि सायबर कॅफे काढला. एसी नव्हता, पण चपला बाहेर काढायच्या!

माझं वय तेवीस. आणि केस? ते पन्नाशीला टेकलेले. त्यात घरच्यांनी पाचोऱ्याचं स्थळ आणलं आणि माझा फोटो पाठवला. कुठला? अकरावीतला! आता त्या फोटोएवढे केस महिनाभरात आणायचे कुठून?

गेलो नानांकडे उपाय शोधायला. सगळे वापरतात तो ब्राउझर उघडला, एक अक्षर टाकलं, तर आधीच्या मंडळींनी बघितलेल्या साइटचे पत्ते धाडधाड खाली आले. असले एकेक पत्ते, की मी आधी केबिनला कडी आहे का ते बघितलं.

म्हणजे उद्या माझं टक्कलही असंच दुसऱ्याच्या पुढ्यात पडणार? छे!

मी पुण्याच्या मावसभावाकडून कॉम्प्युटरचं मासिक मागवलं. त्यात ब्राउझरचा तक्ता होता. चार रात्री अभ्यास केला. बारावीला केला असता तर आज कुठे असतो! एका ब्राउझरला 'खाजगीपणा' या रकान्यात पाच तारे. तुम्ही काय बघता ते जाहिरातवाल्यांना कळू देत नाही म्हणे. सोबत सीडी फुकट. तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर गुपचूप चढवला.

पण दुसऱ्या कुणी उघडला तर? मी कॉम्प्युटरवर चिठ्ठी चिकटवली: 'नवीन ब्राउझर खराब आहे. उघडल्यास कॉम्प्युटर जळेल.'

कुणी बोट लावलं नाही. महिनाभर मी एकटा राजा!

अमेरिकेतल्या कंपन्यांपासून मी पूर्ण सुरक्षित होतो. धोका पाचोऱ्याहून पॅसेंजरने आला.

मुलीचे मामा. आपल्याकडे मुलगी द्यायच्या आधी मामा गावात फिरून चौकशी करतो, माहितीये ना? पानवाल्याला विचारून झालं, सलूनवाल्याला विचारून झालं (तो म्हणे, "येतच नाही हो तो आता"), आणि मामा पोचले नानांकडे. मी नेमका दारात चपला काढत होतो. पडद्याआडून मामांची अहिराणी ऐकली.

"नाना, खरं सांगा. हाऊ पोऱ्या अठे बसीसन काय देखस?"

"मामा, उगाच कुणावर आळ घेणार नाही. या ब्राउझरमध्ये सगळ्या गावाचं मिसळलंय, कुणाचं काय सांगता येत नाही."

मी मनात नानांच्या पाया पडलो.

"पण हा दुसरा आहे ना, हा तो एकटाच वापरतो. ही बघा, चिठ्ठीही त्याच्याच अक्षरातली."

माऊसच्या दोन टिचक्या. नानांनी यादी काढली आणि मोठ्या आवाजात, मराठी करून वाचायला घेतली.

"केस गळणे. केस गळणे. कांद्याचा रस. केस गळणे. विग. विग वाऱ्यात उडतो का. केस गळणे..."

बाकीच्या तिन्ही केबिनमधून हसू फुटलं. मामा मात्र गंभीर.

"हाई बठ्ठं त्यानंच शे?"

"सगळं त्याचं एकट्याचं! महिनाभराचं!"

तेवढ्यात पडदा सरकला आणि मी एका पायात चपलेसह मामांच्या समोर. मामांनी मला खालून वर बघितलं. अगदी वर, डोक्यापर्यंत. मग स्वतःची पांढरी टोपी काढली. आत गुळगुळीत कारभार!

"इतलं वाचीसन बी केस उनात नहीत?"

"नाही आले मामा."

"मंग असा उपाय माले बी नको," म्हणत त्यांनी टोपी घातली आणि नानांना म्हणाले, "पोऱ्या सरळ शे. महिनाभर दुसरं काहीच देखं नही!"

मामांकडून स्थळ पक्कं झालं! टोपी घालून मुलगी बघायला गेलो तर चहाचा ट्रे ठेवून ती पहिलं वाक्य काय बोलली? "टोपी काढून बसा. सगळ्यांना माहितीये."

लग्नानंतर दोन वर्षांनी घरात कॉम्प्युटर आला. या वेळी ब्राउझर बायकोने निवडले. हो, निवडले. एक घरातल्या सगळ्यांसाठी, आणि एक वेगळा, फक्त माझ्यासाठी.

मला भरून आलं. म्हटलं, "माझ्या खाजगीपणाची एवढी काळजी?"

"तसं नाही हो," ती म्हणाली. "तुमचं वेगळं असलं की मला शोधत बसावं लागत नाही."