वाळूखालून जाणारी गाडी

मी रेल्वेत डब्यांची तपासणी करतो. गाडी सुटण्याआधी खाली वाकून चाकं, ब्रेक, पाइप बघायचे आणि सगळं ठीक असेल तर सही करायची. माझ्या सहीशिवाय गाडी हलत नाही, हे प्लॅटफॉर्मवर सगळ्यांना मान्य आहे. घरात अजून कुणी मानलेलं नाही.

मुलगी दहा वर्षांची. जन्म भुसावळचा, पण कळायला लागल्यापासून आम्ही इथे हिंदी मुलखात, सोडाल्यात. शाळेत इंग्रजी, खाली खेळताना हिंदी, आणि मराठी फक्त जेवताना, तीही मध्ये मध्ये 'मतलब' घालून. हिंदीमुळे अक्षरं सगळी यायची, पण मराठी ओळ दिसली की ठेच लागल्यासारखी थांबायची. मला ते फार लागायचं. उद्या ही पोर माझ्याशीच परक्या भाषेत बोलेल अशी धास्ती वाटायची. म्हणून गेल्या उन्हाळ्यात भुसावळहून येताना मुलांची एक जाडजूड साहसकथा घेऊन आलो. ठरलं असं की रविवारी दुपारी कूलरसमोर बसायचं, एक पान तिने वाचायचं, एक मी.

गोष्टीत एक म्हातारी बाई असते, तऱ्हेतऱ्हेची यंत्रं बनवणारी. ती वाळूखालून जाणारी गाडी तयार करते आणि एका कप्तानासह पाच धाडसी लोकांना घेऊन वाळवंटाच्या तळाशी हरवलेलं शहर शोधायला निघते. पोरीला पहिल्याच प्रकरणात त्या गोष्टीचं वेड लागलं. अडखळत का होईना, आपलं पान संपवून माझंही वाचायला बघायची. मी मनात म्हटलं, जमलं बुवा.

पण जमलेलं बिघडवायला घरात तज्ज्ञ माणूस होता ना. तिसऱ्या प्रकरणात मी म्हणालो, "वाळू बेअरिंगमध्ये शिरणार. दोन किलोमीटरवर चाक जाम." चौथ्यात कळलं की गाडीला ब्रेकच नाहीत, थांबवायची असेल तर सगळ्यांनी मिळून गाणं म्हणायचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर ब्रेकचं चित्र काढलं, पाइपातून हवा कशी जाते ते बाण काढून दाखवलं. पाऊण तास त्यात गेला. पोर माझ्या चित्राकडे बघत होती, बोट मात्र पुस्तकातल्या ओळीवर धरून ठेवलं होतं.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, गोष्ट आहे ती. तुम्हाला गाडी पास करायची नाहीये."

"चुकीचं शिकेल ना ती," मी म्हणालो.

सहाव्या प्रकरणात गाडी वाळूत रुतली आणि मी इतका खूश झालो की चक्क टाळी वाजवली. "बघ, मी काय सांगत होतो?"

पोरीने पुस्तक मिटलं. पाणी पिऊन येते म्हणाली ती आलीच नाही. पुढच्या रविवारी तिला होमवर्क होतं, त्याच्या पुढच्या रविवारी डोकं दुखत होतं. मी समजायचं ते समजलो. मराठी गेली ती गेलीच, आणि घालवली कुणी, तर आपणच.

मग एका शनिवारी मी ड्यूटीवरून लवकर घरी आलो. खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून पोरीचा आवाज येत होता. तिची आई मेथी निवडत होती आणि ही तिला तेच पुस्तक वाचून दाखवत होती. कुठे अडखळणं नाही, थांबणं नाही, म्हातारीचा आवाज वेगळा, कप्तानाचा वेगळा. मला हवं होतं ते सगळं दाराच्या पलीकडे चाललं होतं, आणि माझ्यावाचून काही अडलं नव्हतं.

मी दार ढकललं. आवाज बंद.

"वाच ना," मी म्हणालो. "मी बोलणार नाही."

"मतलब, एक शब्दही नाही?"

"नाही."

"जमेल का?" बायकोने विचारलं, पण मेथीवरून मान वर केली नाही.

पुढची अकरा पानं मी मूग गिळून बसलो. त्या अकरा पानांत गाडीने एक उकळतं तळं पार केलं, तेही लाकडी चाकांवर. मी शेजारची मेथीची जुडी ओढून निवडायला घेतली आणि पानं टाकून काड्या ठेवल्या. प्रकरण संपल्यावर वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलायला हवं.

"नीट विचार केला ना," मी म्हणालो, "तर अशी गाडी होऊ शकते."

"नाही होऊ शकत, पप्पा. मला पहिल्याच दिवशी माहीत होतं."

"मग रुसलीस कशाला?"

"तुम्ही माझ्याजवळ बसून वाचता ते मला आवडायचं. आणि तुम्ही तर वाचतच नव्हता."

बायको निवडलेली मेथी घेऊन आत गेली. मी पोरीच्या हातून पुस्तक घेतलं, माझं पान वाचायचं म्हणून, आणि पुढची पानं चाळून पाहिली. दोनच प्रकरणं उरली होती.